नाही म्हणायचं काम

सकाळी ७:५०
कोल्हापूर, राजारामपुरी. हार्डवेअरच्या दुकानावरचा पहिला मजला. जिन्यात काळ्या ड्रॉप वायरची भेंडोळी, एक शिडी, दोन हेल्मेट. वर पाच टेबलं आणि एक काचेची खोली. त्या खोलीत राउटर, सर्व्हर आणि कधीच बंद न होणारा एसी. शेठ पूर्वी केबल टीव्ही चालवायचे. आता इंटरनेट विकतात. सगळ्यात जास्त खपतो तो ४९९ चा प्लॅन. अठरा टक्के जीएसटी धरून ५८८ रुपये ८२ पैसे.

मॅडम इथल्या एकुलत्या प्रोग्रामर. लाइनवरची पोरं त्यांना ताई म्हणतात. काही वर्षं हिंजवडीत काढून परत आल्या. पगार तिथल्या निम्म्याहून थोडा वर. पण घरभाडं नाही, आणि ऑफिसला यायला दहा मिनिटं. परवडतं, म्हणतात.

खुर्चीवर बसायच्या आतच एक लाइनमन कागद घेऊन समोर.

"ताई, यादी परत उड्या मारायलीय."

खांबावरच्या पेट्यांत स्विच असतात. प्रत्येक स्विचला पत्ता. कळंब्याकडून पाचगावकडे जाताना हे पत्ते क्रमाने चढत जातात. १०.२०.४.१, मग ४.२, मग ४.३. यादीत मात्र ४.१ नंतर ४.१० आलाय, मग ४.११, ४.१२, आणि त्यानंतर कुठे ४.२. मशीनने पत्ता आकडा म्हणून वाचलाच नाही, शब्द म्हणून लावला. यादीप्रमाणे फिरलं तर त्याच रस्त्यावरून दोनदा जायचं. पेट्रोलला रोज दीडशे मिळतात. कमी पडले तर पदरचे. तो खिशातून पेन काढतो, कागदावर स्वतःचे आकडे घालतो आणि खाली उतरतो. स्प्लायसिंगची पेटी खांद्याला, स्पिरिटची बाटली खिशात.

सकाळी ८:३०
आयपी पत्ता म्हणजे बत्तीस बिटांचा एक आकडा. मधले ठिपके माणसाला वाचता यावं म्हणून. या ऑफिसात मात्र तो सगळीकडे अक्षरांची ओळ म्हणून साठवलाय. बिलिंगमध्ये तसा, डॅशबोर्डवर तसा, लॉगमध्ये तसा. ज्याला लागेल त्याने ठिपक्यावर तोडायचा आणि आपल्या परीने जोडायचा. तोडायची पद्धत प्रत्येकाची वेगळी.

मॅडमचं सध्याचं काम म्हणजे हे सगळं एका लायब्ररीत आणणं. पत्ता आत गेला की तपासून घ्यायचा, आकडा करायचा, तुलना करायची, कुठल्या जाळ्यात बसतो ते सांगायचं. इथलं सगळं जावास्क्रिप्टमध्ये आहे, आणि त्या भाषेत पत्ते हाताळायचं सामान मुळातच येत नाही. पायथॉनमध्ये येतं. म्हणून स्क्रीनच्या उजव्या बाजूला पायथॉनची एक खिडकी कायम उघडी. आपलं उत्तर आणि तिचं उत्तर जुळतंय का, ते बघायला.

सकाळी ९:१०
चार आकड्यांचा एक करायचा. पहिला चोवीस घरं डावीकडे सरकवायचा, दुसरा सोळा, तिसरा आठ, चौथा जागेवर. नंतर बेरीज. मॅडम टाइप करतात:

१९२ << २४

खाली उत्तर येतं: -१०७३७४१८२४.

उणे. पत्ता उणे कसा असेल? जावास्क्रिप्ट बिटांशी खेळताना आकडा बत्तीस बिटांचा धरते, पण त्यातलं सगळ्यात डावीकडचं बिट चिन्हासाठी राखून ठेवते. १२७ पर्यंत काही होत नाही. १२८ पासून पुढे सगळं शून्याखाली. मग १९२ चा पत्ता १० च्या पत्त्यापेक्षा लहान ठरतो. या ऑफिसातली यंत्रं सगळी १० ने सुरू होणारी, त्यामुळे इथे नुसतं वापरून बघून ही चूक कधी सापडलीच नसती. ग्राहकांचे बाहेरचे पत्ते १०३ ने सुरू होतात, तेही वाचले असते.

औषध छोटंसं. शेवटी तीन बाण आणि एक शून्य, >>> ०. चिन्हाचं बिट पुन्हा साध्या बिटासारखं वाचलं जातं. आता ३२२१२२५४७२. मॅडम उजवीकडच्या खिडकीत बघतात. जुळलं. मग टेस्टच्या फाइलमध्ये ओळी घालतात: १२७, १२८, १९२, २५५. प्रत्येकाच्या शेवटी .०.०.० आणि .२५५.२५५.२५५. कंटाळवाणं काम आहे. मी शेजारी बसून पाहतोय, मलाच जांभई येते. त्यांना येत नाही.

सकाळी १०:२०
चहा आला. कट दहा रुपये, महिन्याचं खातं. चहाबरोबर शेठही आले, हातात एक्सेलचा प्रिंट. जुन्या क्लार्कने स्विचची यादी केलेली. रकाने सरळ दिसावेत म्हणून प्रत्येक आकड्याला तीन घरं दिलेली: ०१०.०२०.००४.०११.

"मॅडम, तुमचं नवीन यंत्र ही यादी घेत न्हाई."

"घेणारच नाही."

"अहो, दहा-वीस-चार-अकरा. लहान पोरगं पण सांगेल. समजून घ्या की."

मॅडम काळी खिडकी उघडतात. पिंग लिहून पुढे तोच पत्ता, शून्यांसकट. एंटर. लिनक्स सांगतं, मी ८.१६.४.९ ला हाक मारतोय.

शेठ चष्मा वर करतात.

पुढे शून्य असलं की जुन्या सी भाषेच्या रीतीने तो आकडा अष्टमान धरतात. ०१० म्हणजे आठ, ०२० म्हणजे सोळा, ०११ म्हणजे नऊ. लिनक्सने तसं वाचलं. एखादी लायब्ररी शून्यं सोडून देते आणि दहा-वीस वाचते. दोघंही आपापल्या जागी बरोबर. भांडण मध्ये लागतं. तपासणी करणारा म्हणतो, हा आपला आतला पत्ता, जाऊ द्या. आणि प्रत्यक्ष जाणारा भलत्याच्याच दारात उभा. २०२१ साली नेटमास्क नावाच्या जावास्क्रिप्टच्या लायब्ररीत नेमकं हेच भोक सापडलं. त्याच वर्षी पायथॉनमध्येही निघालं. पायथॉनने ३.९.५ पासून पुढे शून्य असलेला पत्ता घेणंच बंद केलं. दहा वाचायचं की आठ, यावर तोड काढली नाही. सरळ नाही म्हटलं.

"मग क्लार्कचं काय करायचं?"

"यादी दुरुस्त करायची."

शेठना पटलेलं नाही. पण ते ८.१६.४.९ त्यांनी प्रिंटच्या कोपऱ्यात लिहून घेतलं.

सकाळी ११:४०
नेटवर्क सांभाळणाऱ्या गृहस्थांना सगळे मामा म्हणतात. अजूनही "सी क्लास" म्हणतात. ए, बी, सी हे वर्ग १९९३ सालीच मोडीत निघाले, हे त्यांनाही ठाऊक आहे. जीभ वळत नाही, एवढंच. मामांनी राउटरवरून कॉपी केलेली ओळ पाठवलीय: १०.२०.४.७/२४.

आता हे काय आहे? पत्ता की जाळं? /२४ म्हणजे पहिले चोवीस बिट जाळ्याचे, उरलेले आठ आतल्या यंत्राचे. जाळं म्हणावं तर शेवटी ० हवा होता, हा ७ कुठून आला? पत्ता म्हणावं तर /२४ कशाला?

मामांच्या मते दोन्ही. "सात नंबरचं यंत्र, चोवीसच्या जाळ्यात. त्यात काय एवढं?"

या प्रश्नावर मोठी माणसं भांडलीत. गूगलमधल्या पीटर मूडी यांची पत्त्यांची लायब्ररी २००९ मध्ये पायथॉन ३.१ मध्ये यायची होती. आत आलीही. मग ऐन वेळी बाहेर काढली. मुख्य तक्रार हीच की पत्ता आणि जाळं एकाच साच्यात कोंबलंय. पुन्हा आखणी झाली आणि २०१२ मध्ये पायथॉन ३.३ बरोबर ती आत आली, तेव्हा साचे तीन होते. पत्ता वेगळा, जाळं वेगळं, आणि मामांच्या ओळीसारखं "या जाळ्यातला हा पत्ता" तिसरं. जाळं म्हणून १०.२०.४.७/२४ दिलं तर ती आजही चूक दाखवते.

मॅडमनी तीन साचे उचललेत. वहीत तीन चौकोन, मध्ये बाण. कुठला बाण आपोआप जायचा आणि कुठला मुद्दाम सांगितल्याशिवाय जायचा नाही, यावर दुपारपर्यंत खाडाखोड चालू राहते. मला वाटतं दिवसभरातलं खरं काम हेच. कोड त्या मानाने पटकन होतो. यादीचा क्रम लावायचं फंक्शन तर अर्ध्या चहात झालं. आकडे आहेत, वजाबाकी करायची.

दुपारी १:१५
डबे. ज्वारीची भाकरी, वांगं, शेंगदाण्याची चटणी. सकाळचा लाइनमन आलाय, शर्ट पाठीला चिकटलेला. खांब झाले, आता एक नवीन जोडणी. जोडणीमागे त्याला साडेतीनशे सुटतात, पगाराच्या वर. फायबर कापताना तुकडा बोटात घुसलाय. काचेचा तुकडा, डोळ्याला दिसत नाही. तो सेलोटेप चिकटवून ओढून काढतो. दुसऱ्या हाताने जेवण चालूच.

दुपारी २:१०
"पहिला आणि शेवटचा सोडायचा," मामा म्हणतात. जाळ्यातला पहिला पत्ता जाळ्याच्या नावाचा, शेवटचा सगळ्यांना एकदम हाक मारायचा. वापरायला उरतात दोन कमी. /२४ मध्ये २५६, म्हणून २५४. /३० मध्ये चार, म्हणून दोन. सगळ्यांना पाठ असलेला नियम.

/३१ मध्ये दोन. दोन वजा दोन शून्य. म्हणजे वापरायला काहीच नाही?

दोन राउटर एका तारेने जोडलेत. तिसरं कुणी नाही. सगळ्यांना एकदम हाक मारायची गरजच काय? म्हणून डिसेंबर २००० मध्ये आरएफसी ३०२१ या इंटरनेटच्या नियमपत्राने सांगितलं, अशा जोडणीत दोन्ही पत्ते वापरा. मामांचे राउटर हे मानतात. मामा मानत नाहीत. ते अजून /३० देतात, दोघांसाठी चार.

बाहेरचे पत्ते या कंपनीकडे एकूण ५१२. आशिया-पॅसिफिकमध्ये पत्ते वाटणाऱ्या एपनिकचा मोकळा साठा एप्रिल २०११ मध्ये शेवटच्या तुकड्यावर आला. आता नव्या सभासदाला जास्तीत जास्त /२३ मिळतो, म्हणजे हेच ५१२. मॅडमनी मध्यंतरी ॲमेझॉनच्या क्लाउडवर टेस्टसाठी एक मशीन घेतलं होतं. तिथे फेब्रुवारी २०२४ पासून चार आकड्यांच्या बाहेरच्या पत्त्याला तासाला अर्धा सेंट पडतो, वापरा न वापरा. तीस दिवसांचे ३ डॉलर ६० सेंट. शेठनी बिलातली ती ओळ पिवळी करून परत पाठवली. मशीन बंद झालं.

म्हणून /३१ ला लायब्ररी दोन सांगते. /३२ ला एक. मामा बघतात, काही बोलत नाहीत.

मग /०. म्हणजे अख्खं इंटरनेट, मास्कमध्ये, म्हणजे जाळ्याचे बिट दाखवणाऱ्या आकड्यात, एकही बिट लागलेलं नाही. मास्क करायचा तर सगळे एक घेऊन बत्तीस घरं डावीकडे ढकलायचे. सगळे बाहेर पडले की उरेल शून्य. मॅडम चालवतात. सगळे एक जिथल्या तिथे. जावास्क्रिप्ट किती घरं सरकायचं याचे फक्त खालचे पाच बिट बघते, आणि बत्तीसचे खालचे पाच बिट शून्य. बत्तीस घरं सरक म्हटलं, ती जागची हलली नाही. म्हणजे "कुठेही" याचा अर्थ "फक्त ०.०.०.०" असा झाला असता. /० साठी वेगळी ओळ. टेस्टमध्ये ० पासून ३२ पर्यंत तेहेतीस ओळी, एकही गाळलेली नाही.

दुपारी ३:४०
पोलिसांकडून मेल. फसवणुकीची तक्रार आहे, अमुक पत्ता, अमुक वेळ, ग्राहकाचं नाव कळवा.

पाच-दहा हजार घरं आणि ५१२ पत्ते, तेव्हा वाटून घ्यावे लागतात. एका पत्त्यावर पोर्ट, म्हणजे दारं, ६५,५३६. पहिले १,०२४ बाजूला ठेवले की उरतात ६४,५१२. प्रत्येकाला १,००८ दिले तर एका पत्त्यामागे बरोबर ६४ घरं बसतात. मेलमध्ये पोर्ट नाही. वेळही भारतीय की यूटीसी ते लिहिलेलं नाही. साडेपाच तासांचा फरक.

जुना कोड पोर्ट नसला की त्या पत्त्यावरच्या पहिल्या ग्राहकाचं नाव काढून द्यायचा. गुपचूप. हे मला मॅडमनी सांगितलं तेव्हा त्या स्क्रीनकडेच बघत होत्या. नव्या लायब्ररीत ते फंक्शन पोर्टशिवाय हलत नाही, आणि वेळेला पट्टा जोडला नसेल तरी हलत नाही. पोर्ट ३५,४१२ दिला तर त्यातून १,०२४ वजा, भागिले १,००८, पूर्णांक ३४. शून्यापासून मोजल्यावर पस्तिसावं घर. एकच.

मॅडम उत्तर लिहितात. "सोर्स पोर्ट व वेळेचा पट्टा कळवावा, त्याशिवाय ग्राहक निश्चित करता येत नाही." शेठची सही. शेठ सही करताना विचारतात, "नाव दिलं नाही तर रागावणार नाहीत न्हवं?"

"चुकीचं दिलं तर जास्त रागावतील."

संध्याकाळी ५:००
पॉलिटेक्निकचा पोरगा हाताखाली आहे. स्टायपेंड बारा हजार. त्याचं मशीन अडकलंय, पंखा घरघरतोय.

"काय दिलंस?"

"मॅडम, आयपीव्ही६ चं /६४ जाळं. सगळ्या पत्त्यांची यादी करून मोजायला सांगितलं."

/६४ मध्ये पत्ते १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१६. सेकंदाला दहा लाख मोजले तरी पाच लाख ऐंशी हजारांहून जास्त वर्षं. पोरगा कान पकडतो. मॅडम हसतात, मग गंभीर होतात. त्याने चूक केली, पण ती करायची सोय फंक्शनने ठेवली होती. यादी देणारं फंक्शन त्या काढून टाकतात. आता मागाल तसा एकेक पत्ता मिळेल. आणि संख्या हवी असेल तर वेगळं विचारा, ती दोनाच्या घातात लगेच येते.

इथे बत्तीस बिट नाहीत, एकशे अठ्ठावीस आहेत. साधा आकडा त्रेपन्न बिटांपर्यंतच नेमका राहतो, म्हणून बिगइंट, कितीही मोठा आकडा नेमका धरणारा. तो हळू चालतो. चालू दे, म्हणतात मॅडम. आधी बरोबर.

शिवाय लिहायच्या तऱ्हा. ०:०:०:०:०:०:०:१ आणि ::१ एकच. शून्यांची सलग रांग :: लिहून मिटवता येते, पण एकदाच. कुठली मिटवायची, अक्षरं मोठी की लहान, यावर ऑगस्ट २०१० मध्ये आरएफसी ५९५२ ने शिस्त घातली. सगळ्यात लांब रांग मिटवा. दोन सारख्या असतील तर पहिली. एकटं शून्य मिटवू नका. अक्षरं लहान. वाचताना लायब्ररी सगळ्या तऱ्हा घेते. लिहिताना फक्त ही एक. नाहीतर एकच ग्राहक डेटाबेसमध्ये तीन नावांनी बसतो.

संध्याकाळी ६:२०
नावं ठेवायचं काम. पोरगा म्हणतो, "‘खासगी आहे का’ असं फंक्शन ठेवू. हो किंवा नाही."

१० ने सुरू होणारे खासगी. १९२.१६८ चे खासगी. १७२ चे सगळे नव्हेत, १६ ते ३१ एवढेच. फेब्रुवारी १९९६ चा आरएफसी १९१८. इथपर्यंत ठीक. पण या कंपनीच्या ग्राहकांना आतून जे पत्ते मिळतात ते १००.६४ पासूनचे, एप्रिल २०१२ मध्ये कंपन्यांना पत्ते वाटून द्यायला म्हणून बाजूला काढलेले. ते खासगी का? पायथॉनला विचारलं तर ती म्हणते, खासगी नाही. जगभर चालणारे आहेत का विचारलं, तर तेही नाही.

मामा म्हणतात खासगीच. मॅडम म्हणतात, नाही. दोघांचा आवाज थोडा चढतो. शेवटी हो-नाहीचं फंक्शनच रद्द. त्याऐवजी पत्ता कुठल्या गटातला ते सांगणारं एक, आणि उत्तरात गटाचं नाव. वापरणाऱ्याने ठरवावं. मामा चप्पल घालतात आणि जाता जाता म्हणतात, "खासगीच आहेत ते."

संध्याकाळी ७:१५
चूक दाखवणारे संदेश. पोराने लिहिलंय: "अवैध इनपुट." मॅडम खोडतात. हा संदेश लाइनमन खांबावर चढून मोबाइलवर वाचणार, एका हाताने. त्याला काय चुकलं आणि काय लिहायचं हे दोन्ही कळायला हवं. "पुढचं शून्य काढा. ०१० नको, १० लिहा." जाळ्याचा संदेश: "हा जाळ्यातला पत्ता आहे. जाळं हवं असेल तर १०.२०.४.०/२४ लिहा." एकेक संदेश त्या मोठ्याने वाचून बघतात.

उद्यापासून बिलिंगमध्ये ही लायब्ररी लागणार. म्हणजे सकाळी शेठची एक्सेल नक्की अडकणार. मॅडम क्लार्कला फोन लावतात. तो केएमटीच्या बसमध्ये, मागे कंडक्टरचा आवाज.

"दादा, त्या यादीतली शून्यं काढून ठेवाल का सकाळी? साडेआठच्या आत."

"काढतो की. फाइंड-रिप्लेस मारतो. सगळी शून्यं?"

"नको, नको! सगळी नको. फक्त पुढची. चारशे दहाव्या ओळीपर्यंत आहेत, हातानेच बघा."

"दहामधलं?"

"दहामधलं राहू दे."